जुन्या कोच बॅगेवर वापरलेला चामडे-दुरुस्ती संच

हा संच मी एका बॅगेसाठी मागवला आणि शेवटी तीन बॅगांवर वापरून पाहिला. चामड्याच्या जुन्या हँडबॅगा साफ करून, मऊ करून, पुन्हा रंगवून देण्याचे आश्वासन देणाऱ्या संचांत साधारणपणे जे असते तेच याही संचात आहे : क्लीनर, कंडिशनर, रंगाचे मलम, रंग लावण्याआधी पुसून घेण्याचे अल्कोहोलयुक्त द्रावण, भेगा बुजवायचे फिलर आणि सुवासिक फवारा अशा सहा बाटल्या व डब्या, आणि एका लहान पिशवीत ब्रश, स्पंज, सुती कापड व सुई-दोरा. यांपैकी क्लीनर, कंडिशनर आणि ब्रश यांच्यासाठी मी हा संच पुन्हा घेईन. रंगाच्या मलमाच्या आधीच्या-नंतरच्या छायाचित्रांवर सगळी जाहिरात उभी आहे, पण तेच मलम मी आता कोणत्याही बॅगेला सहजासहजी लावणार नाही. उत्पादकाचे नाव मुद्दाम देत नाही, कारण मला जे खटकले ते एका कंपनीपुरते आहे असे वाटत नाही. सगळ्या चामड्यांना एकाच मापाने मोजणाऱ्या कोणत्याही संचाच्या बाबतीत ते तसेच खटकले असते.

मुख्य बॅग कोच या अमेरिकी बॅग कंपनीची : तांबूस तपकिरी, लांब पट्ट्याची, पुढे येणाऱ्या झडपेला फिरवून लावायची पितळी खिट्टी असलेली. कोचची सुरुवात 1941 मध्ये मॅनहॅटनमधल्या एका लहानशा कौटुंबिक कारखान्यात झाली, आणि बेसबॉलचा हातमोजा वापरून वापरून कसा नरम पडत जातो हे पाहून तिथे जे जाड, गुळगुळीत, वरून रंगाचा लेप न चढवलेले गाईचे चामडे वापरात आले, तेच पुढे कोचची ओळख ठरले. फिरत्या खिट्टीची कल्पना 1960 च्या दशकात डिझायनर बॉनी कॅशिन यांनी आणली; त्यांच्या मोटारीचे उघडझाप करता येणारे छत ज्या खिट्ट्यांनी बसवले जाई, त्यांवरून ती त्यांना सुचली. हे सांगण्याचे कारण इतकेच की लेप नसलेले चामडे आणि भरीव पितळ या दोन गोष्टींमुळेच जुनी कोच बॅग घरच्या घरी दुरुस्त करता येण्याजोगी राहते. अशा बॅगेच्या आत चामड्यावर ठसवलेला मजकूर असतो आणि त्यात क्रमांकाबरोबर हेही बजावलेले असते की चामड्यावरचे ओरखडे, वण, शिरा आणि सुरकुत्या ही नैसर्गिक चामड्याची लक्षणे आहेत. माझ्या बॅगेतला तो ठसा शाबूत होता; बाकी फारसे काही शाबूत नव्हते.

पट्ट्याचा खांद्यावर बसणारा वीतभर भाग घामाने आणि अंगच्या तेलाने काळा पडून ताठरला होता. तळाचे चारही कोपरे घासून फिकट झाले होते आणि त्यांतल्या एकावर चामड्याचा वरचा गुळगुळीत थर निघून जाऊन आतले तंतू लव आल्यासारखे उभे राहिले होते. खिट्टीभोवती हिरवा, मेणचट कीट साचला होता, आतल्या बाजूला शाईचा एक ठिपका होता, आणि बॅग उघडताच वर्षानुवर्षे बंद राहिलेल्या कपाटाचा कुबट वास येत होता.

संचाबरोबर आलेल्या पत्रकात सर्व चामड्यांसाठी एकच क्रम दिला आहे : क्लीनर, अल्कोहोलचे द्रावण, फिलर, रंग, कंडिशनर. माझ्या मते या उत्पादनाचा सर्वांत मोठा दोष कोणत्याही बाटलीत नसून या पत्रकात आहे. चामडे कमावल्यानंतर त्यावर पुढे काय केले आहे, यावर सगळे अवलंबून असते. काही चामडी फक्त रंगात भिजवलेली असतात, त्यांची रंध्रे उघडी असतात आणि ती पाणी लगेच शोषतात. बहुतेक आधुनिक बॅगांवर मात्र रंगद्रव्य आणि राळेचा पातळ थर चढवलेला असतो, त्यावर पाणी थेंबाच्या रूपात राहते. म्हणून कोणतीही बाटली उघडण्याआधी झडपेच्या आतल्या, दृष्टीआड राहणाऱ्या भागावर पाण्याचा एक थेंब ठेवून मिनिटभर पाहावे. थेंब शोषला जाऊन तिथे गडद डाग उमटला तर चामडे उघडे आहे, आणि थेंब तसाच राहिला तर वर लेप आहे. एवढी साधी परीक्षा पत्रकात एका ओळीत बसली असती. माझ्या बॅगेवरचा थेंब दहा-बारा सेकंदांत पसरला, गडद ठिपका उमटला आणि वाळल्यावर तो दिसेनासा झाला. त्या ठिपक्याने मला जे सांगितले ते मी पुढे एका टप्प्यावर विसरले, आणि त्याची किंमत बॅगेच्या एका कोपऱ्याने मोजली. पण ते पुढे येईलच.

क्लीनरविषयी मात्र तक्रारीला जागा नाही. कमावलेले चामडे स्वभावतः थोडे आम्लधर्मी असते, त्याचा पीएच साधारण 3.5 ते 5 च्या दरम्यान असतो. याउलट साबण अल्कधर्मी असतो आणि त्याचा पीएच 9 ते 10 पर्यंत जातो. साबणाने बॅग त्या दिवशी स्वच्छ दिसते खरी, पण असे वारंवार केल्याने चामडे कोरडे आणि ठिसूळ होत जाते. लहान मुलांसाठी मिळणारे ओले रुमाल (वेट वाइप्स) तर अनेकजण निर्धास्तपणे वापरतात, आणि तेच रुमाल महिन्यामागून महिने पट्ट्यावर फिरवत राहिल्यास वरचा लेप उडतो. या संचातला क्लीनर सौम्य आहे, त्याला जवळजवळ वास नाही, आणि तो थेट चामड्यावर न ओतता ओल्या स्पंजवर घेऊन फेस करून वापरायचा असल्यामुळे हाताबाहेर जात नाही. मी एका वेळी तळहाताएवढाच भाग घेतला, ब्रशने गोल गोल फिरवून फेस काढला आणि लगेच ओल्या कापडाने टिपून घेतला. पहिल्या फेरीत कापडावर करडा-तपकिरी मळ आला, दुसऱ्या फेरीत पिवळसर, आणि तिसऱ्या फेरीत बॅगेचा स्वतःचा रंग थोडासा उतरू लागला. तिथे थांबायचे असते. ब्रशचे केस घोड्याचे आहेत, न रुततील इतके मऊ आणि शिलाईच्या खाचेतला मळ उपसून काढतील इतके ताठ. नायलॉनचा ब्रश या कामाला चालत नाही, त्याचे बारीक ओरखडे तिरप्या उजेडात स्पष्ट दिसतात.

पट्ट्याचा काळा भाग मात्र क्लीनरला दाद देईना. तिथे तेल चामड्यात खोल मुरले होते. अशा वेळी जुन्या कोच बॅगा हौसेने दुरुस्त करणारी मंडळी जे करतात तेच मी शेवटी केले, म्हणजे संपूर्ण बॅग पाण्यात बुडवली. पत्रकात हे नाही आणि नसणेच योग्य आहे, कारण हा उपाय फक्त अस्तर नसलेल्या, आत पुठ्ठा किंवा फोम न घातलेल्या, भरीव पितळ जडवलेल्या जाड चामड्याच्या बॅगेलाच सोसतो. इतर कोणत्याही बॅगेवर तो आत्मघातकी ठरेल. कोमट पाण्यात भांडी घासण्याच्या सौम्य द्रवाचे चार थेंब टाकून मी बॅग वीस मिनिटे त्यात ठेवली आणि पट्टा बोटांनी हळूहळू चोळला. हा द्रव सर्वसाधारण साबणापेक्षा तटस्थ असतो, तरी तो चामड्यातली चरबीही काढतो, म्हणून वेळेचे बंधन काटेकोर पाळायचे. पाणी गढूळ तपकिरी झाले. मळ किती आणि रंग किती हे त्यात वेगळे करता येत नव्हते, आणि खरे सांगायचे तर त्या वीस मिनिटांत मी तीनदा बॅग बाहेर काढायला हात घातला.

वाळवण्याला घाई चालत नाही. स्वच्छ पाण्याने खळबळून, पंच्यात दाबून टिपून, आत कोरडे पंचे कोंबून तिला मूळ आकार द्यायचा आणि उन्हापासून व पंख्याच्या झोतापासून दूर ठेवायची. ओले झालेले पंचे दिवसातून दोनदा बदलायचे. तिसऱ्या दिवशी बॅग जवळजवळ वाळली तेव्हा ती फळीसारखी ताठ झाली होती, आणि पहिल्यांदाच हे करणाऱ्याच्या पोटात गोळा यावा अशीच ती दिसते. चामड्याला मऊपणा देते ती त्यात मुरवलेली चरबी, आणि पाण्याबरोबर तिचा काही अंश गेलेला असतो. ती परत द्यायची ती कंडिशनरच्या रूपाने.

कंडिशनर ही या संचातली सर्वांत चांगली बाटली आहे. त्यात लॅनोलिन, म्हणजे मेंढीच्या लोकरीतून निघणारे स्निग्ध द्रव्य, आणि मधमाश्यांचे मेण आहे. ते चिकट नाही, पांढरट सायीसारखे आहे आणि बोटाच्या उबेने विरघळते. वाटाण्याएवढ्या मात्रेत झडपेचा अर्धा भाग होतो. मी पहिला हात दिला तो चामडे अगदी किंचित दमट असतानाच, मग चोवीस तास थांबून दुसरा, आणि पट्ट्यापुरता तिसरा. तिसऱ्या हातानंतर पट्टा हातात धरून वाकवला तेव्हा तो कोणताही आवाज न करता वाकला. त्याआधी तो कुरकुरत होता. रंग एक छटा गडद झाला, पुढच्या दोन-तीन दिवसांत त्यातला निम्मा फरक ओसरला. घरात असलेले खोबरेल किंवा ऑलिव्ह तेल लावण्याचा मोह अशा वेळी अनेकांना होतो. ती तेले कालांतराने खवट होतात, चामड्यात एकसारखी मुरत नाहीत आणि डाग कायमचा ठेवतात. गाईगुरांच्या नडगीच्या आणि पायांच्या हाडांपासून काढलेले नीट्सफूट तेल घोड्याच्या खोगिरांवर पिढ्यान्पिढ्या वापरले गेले आहे आणि त्या जाड चामड्याला ते मानवतेही, पण फिकट हँडबॅगेला ते हमखास काळवंडवते.

कंडिशनरची मात्रा जास्त झाली तर काय होते तेही मी पाहिले. आठवडाभराने, हवा थंड झाल्यावर, झडपेच्या घडीत पांढरी भुकटी दिसली आणि बुरशी आली या कल्पनेने मी हबकले. केस वाळवण्याच्या यंत्राचा कोमट झोत दुरून दिला तेव्हा ती भुकटी क्षणात वितळून नाहीशी झाली. वितळते ती वर आलेली चरबी असते. बुरशी उष्णतेने वितळत नाही. तिचा कुबट वास येतो, ती तुकड्यातुकड्यांनी आणि केसाळ वाढते. सापेक्ष आर्द्रता 65–70 टक्क्यांच्या वर दीर्घकाळ राहिली की तिला वाव मिळतो, म्हणून बॅग प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवू नये. हा भेद पत्रकाने सांगितला असता तर एक संध्याकाळ वाचली असती.

पितळाचे काम संचाबाहेरचे, तरी ते टाळता येत नाही, कारण कंडिशनर लावताना त्याच कडांना बोट लागते. पितळातल्या तांब्याची चामड्यातल्या चरबीशी प्रक्रिया होऊन तो हिरवा मेणचट कीट तयार होतो. कळकलेल्या भांड्यावरच्या थरासारखाच तो दिसतो, पण पोत वेगळा. नखाने खरवडल्यास तो मेणासारखा सोलला जातो. तो बाहेर काढण्यासाठी लाकडी टूथपिकइतके चांगले साधन नाही. धातूची टोकदार वस्तू पितळालाही ओरखडते आणि चामड्यालाही. खिट्टीच्या तळाशी आणि दोन्ही कड्यांच्या सांध्यांत मिळून मी जवळजवळ पंधरा टूथपिका खर्ची घातल्या. धातूच्या पॉलिशकडे वळण्याआधी मात्र लोहचुंबक लावून पाहावे. चुंबक चिकटला तर आत पोलाद आहे आणि वर केवळ मुलामा आहे, तो पॉलिशने घासला की मुलामाच निघून जाईल. चुंबक चिकटला नाही म्हणजे भरीव पितळच आहे असेही नाही, कारण जस्ताच्या मिश्रधातूलाही तो चिकटत नाही; तेव्हा आतल्या बाजूच्या घासलेल्या जागी खाली पांढरट धातू दिसतो का ते पाहायचे. माझी खिट्टी भरीव निघाली. तिच्या खाली जाड प्लॅस्टिकचा तुकडा सरकवून चामडे झाकले आणि पॉलिश केले, तेव्हा ती चकाकली. खरे तर माझ्या आवडीपेक्षा जास्तच. जुन्या पितळावरचा मंद तपकिरी झाक असलेला रंग मला अधिक आवडतो, पुढच्या वेळी मी फक्त कीट काढून थांबेन.

आता रंगाचे मलम. या मलमात रंगद्रव्य असते आणि ते धरून ठेवणारे मेण व राळ असते. ते चामड्यात मुरत नाही, त्याच्यावर बसते. ज्या बॅगेवर मुळातच रंगाचा लेप आहे तिथे हा नवा थर जुन्या थराशी जमवून घेतो आणि घासलेले कोपरे पुष्कळ अंशी झाकले जातात. माझी बॅग तशी नव्हती, आणि तो पाण्याचा थेंब मला हे सांगून चुकला होता. तरीही पत्रकातला क्रम समोर ठेवून मी डाव्या पुढच्या कोपऱ्यावर आधी अल्कोहोलचे द्रावण फिरवले. कापडावर एकदम गडद तपकिरी रंग आला. तो मळ नव्हता, चामड्यातला रंगच बाहेर निघाला होता, आणि कोपरा होता त्याहून फिकट झाला. मग तो झाकण्यासाठी मलम लावले. ओले असताना ते अगदी जुळणारे वाटले. वाळल्यावर शेजारच्या चामड्यापेक्षा छटा थोडी लालसर निघाली, आणि तिथे बोट फिरवले की जी किंचित रेशमी खरखर बाकीच्या बॅगेवर लागते ती गायब होऊन प्लॅस्टिकसारखा गुळगुळीतपणा लागू लागला. दुसऱ्या दिवशी पांढऱ्या सुती कापडाने जोर देऊन घासून पाहिले तर कापडावर तपकिरी पट्टा उमटला. म्हणजे हीच बॅग फिकट रंगाच्या कपड्यावर घेऊन कोणी गर्दीत उभे राहिले असते, तर तो पट्टा कपड्यावर उमटला असता.

असा रंग कपड्यावर उतरू नये म्हणून वरून फिनिशचा एक पारदर्शक थर द्यावा लागतो आणि तो नेमका या संचात नाही. रंग विकायचा आणि तो पक्का करणारी वस्तू द्यायची नाही, याला मी निष्काळजीपणाच म्हणेन. मी तो कोपरा नंतर क्लीनरने तीनदा धुऊन जितका मोकळा करता आला तितका केला, आणि उरलेले तीन कोपरे कंडिशनर लावून ब्रशने चकचकीत करण्यापलीकडे काहीही केले नाही. आज ते तीन कोपरे फिकट आहेत, पण बॅगेचेच वाटतात. चौथा दुरूनही ओळखू येतो. जी जागा खरोखरच रंगवायची असेल, तिथे लेप नसलेल्या चामड्यासाठी आत मुरणारा द्रवरूप रंग घ्यावा, तोही हव्या त्या छटेपेक्षा फिकट घेऊन दोन-तीन पातळ हातांत गडद करत न्यावा, आणि पहिला हात नेहमी झडपेच्या आत द्यावा. शिवाय एक गोष्ट विकत घेण्याआधीच विचारात घ्यावी. अनेक ब्रँडच्या स्वतःच्या दुरुस्ती कार्यशाळा असतात, आणि बाहेर रंगवलेली किंवा सुटे भाग बदललेली बॅग हाती घ्यायला त्या बहुधा नकार देतात. महागड्या बॅगेवर या मलमाचा एक हात फिरवला म्हणजे तो दरवाजा स्वतःच्या हाताने बंद केल्यासारखेच आहे.

फिलर भेगांसाठी आहे, आणि माझ्या बॅगेला भेगा नव्हत्या. तळाच्या एका सुरकुतीवर थोडा लावून पाहिला, वाळल्यावर बारीक पॉलिश पेपरने घासला तर तो बरा बसतो, परंतु वर रंग चढवल्याशिवाय त्याचा पांढुरका पट्टा दिसतच राहतो. सुई-दोऱ्याबद्दल एवढेच म्हणते की दोरा जाड आहे आणि मूळ शिलाईच्या छिद्रांत तो घुसवायचा तर छिद्रे फाटतात. पट्ट्याच्या कड्यापाशी सहा टाके उसवले होते. मी बारीक मेणदोरा आणून, त्याच्या दोन्ही टोकांना एकेक सुई ओवून, प्रत्येक जुन्या छिद्रातून दोन्ही बाजूंनी सुई काढत ते घातले. खोगिरे शिवणारे असाच टाका घालतात, त्यात एक टाका तुटला तरी पुढचे उसवत नाहीत. नवीन छिद्र पाडायचे नाही, हा एकच नियम.

सुवासिक फवारा फेकून दिला तरी चालेल. कुबट वासावर दुसरा वास चढवून काही साधत नाही, उलट दोन्ही मिळून तिसराच वास तयार होतो आणि तो आठवडाभर हटत नाही. मी बॅग उघडी ठेवून, तिच्या आत सक्रिय कोळशाच्या दोन पुड्या टाकून ती झाकणाच्या खोक्यात पंधरा दिवस ठेवली. वास ऐंशी टक्के गेला, म्हणजे नाक अगदी आत घातले तरच येतो. ओझोनच्या यंत्राने वास एका रात्रीत जातो असे सांगणारे भेटतात. ओझोन चामड्यालाही आणि रबरालाही खातो, तेव्हा त्या वाटेला जाऊ नये. शाईच्या ठिपक्यालाही मी हात लावला नाही. उघड्या चामड्यात शाई मुरली की ती विरघळवणारे काहीही चामड्याचा रंगही विरघळवते, हे कोपऱ्याने शिकवले होते.

दुसरी बॅग लुई व्हिटॉनची स्पीडी, मोनोग्राम नक्षीची. ही नक्षी 1896 ची आणि स्पीडी 1930 च्या सुमाराची, पण आजच्या बॅगेचा तो नक्षीदार भाग चामडे नसून प्लॅस्टिकचा लेप दिलेले सुती कापड असते हे अनेक विकत घेणाऱ्यांनाही ठाऊक नसते. त्या कापडाला कंडिशनर लावणे म्हणजे निव्वळ कंडिशनर वाया घालवणे. ते आत जातच नाही, वर तेलकट थर धरून धूळ ओढते. तिथे ओले कापड आणि क्लीनरचा फेस पुरतो. मुठी आणि कडा मात्र वाशेटा नावाच्या, झाडाच्या सालींतल्या टॅनिनने कमावलेल्या आणि वरून काहीही न लावलेल्या चामड्याच्या असतात. ते नवे असताना फिकट मांसल रंगाचे असते, हवा, ऊन आणि हाताचे तेल लागून हळूहळू मधासारखे होते आणि पाण्याचा एक थेंब पडला तरी त्यावर कडेला गडद कड असलेला डाग राहतो. क्लीनर सौम्य असला तरी ओला असतो, तेव्हा एका मुठीच्या मधोमध लावून बघण्याचे धाडस मी केले नाही; आतल्या बाजूच्या शिलाईपट्टीवर लावले, तर तिथे डाग उमटलाच. या चामड्याबद्दल पत्रकात चकार शब्द नाही. मुठींवरच्या काळ्या डागांसाठी कोरडे, स्वच्छ खोडरबर हळुवार फिरवण्याइतकेच काय ते निर्धोक असते, आणि तेही डाग वरवरचा असेल तर.

तिसरी बॅग जुनी, आतले अस्तर चिकट झालेली. तिचे बाहेरचे चामडे या क्लीनर-कंडिशनरने सुंदर निघाले, आणि आत हात घातला की बोटांना काळसर चिकटा लागत राहिला. अस्तरावरचा पॉलीयुरेथेनचा, म्हणजे एका प्रकारच्या प्लॅस्टिकचा, थर हवेतल्या दमटपणाने वर्षांनुवर्षे विघटित होत जातो, तो पुसून साफ होत नाही, कारण मळ त्याच्यावर बसलेला नसून तो थरच विरघळत चाललेला असतो. टाल्कम पावडर शिंपडल्याने काही दिवस बरे वाटते. खरा उपाय म्हणजे अस्तर बदलून घेणे, आणि ते कारागिराचे काम आहे. तेव्हा जुनी बॅग घेताना छायाचित्रांत बाहेरचे कोपरे पाहण्याआधी विक्रेत्याला आतल्या खिशाचे जवळून छायाचित्र मागावे आणि तो खिसा हाताला चिकटतो का, हे स्पष्ट विचारावे.

मेंढीच्या नाजूक चामड्याच्या शनेलसारख्या बॅगांवर मी हा संच वापरला नाही आणि वापरणारही नाही. ते चामडे इतके कोवळे असते की ब्रशच्या एका फेरीतही त्याची चमक बदलते. प्राडाच्या साफियानोवर, म्हणजे तिरप्या रेघांचा ठसा उमटवून वर लेप दिलेल्या चामड्यावर, ओल्या कापडापलीकडे कशाची गरज पडत नाही. चकचकीत पेटंट चामड्यात शेजारच्या गडद वस्तूचा रंग उतरला असेल, तर तो कोणत्याच क्लीनरने निघत नाही, या क्लीनरने तर नाहीच. स्वेड आणि नुबक या मखमली पोताच्या चामड्यांना यातली एकही बाटली चालत नाही. हे एवढे मात्र पत्रकात ठळक छापले आहे, त्याचे श्रेय द्यायला हवे.

मात्रेच्या दृष्टीने संच उदार आहे. तीन बॅगा झाल्यावर क्लीनरची बाटली निम्म्याहून अधिक आणि कंडिशनरची दोन तृतीयांश शिल्लक आहे. रंगाच्या डबीचे झाकण नीट बसत नाही आणि एका महिन्यात वरचा थर सुकून त्याची साय धरली. ते मी तक्रार म्हणून नोंदवत नाही. क्लीनर व कंडिशनर सुटे मिळत असतील आणि घोड्याच्या केसांचा ब्रश वेगळा घेता येत असेल तर तसे घ्यावे. तसे मिळत नसतील आणि बॅग जाड, लेप नसलेल्या चामड्याची असेल तर हा संच घ्यावा, पत्रक बाजूला ठेवावे आणि पाण्याचा थेंब आधी वापरावा.

माझी कोच बॅग आता रोजच्या वापरात आहे. खांद्यावरचा पट्टा बाकीपेक्षा अजूनही थोडा गडद दिसतो, शाईचा ठिपका जिथल्या तिथे आहे, आणि डाव्या पुढच्या कोपऱ्यावरचा लालसर पट्टा दर महिन्याला कंडिशनर लावताना थोडा थोडा फिकट होत चालला आहे.